शकुनीची बाजू

कुरुक्षेत्रावर युद्धाच्या आठव्या दिवशी गांधारचे सहा राजपुत्र पांडवांच्या सैन्यात घुसले. अर्जुन आणि उलूपीचा मुलगा इरावान त्यांना आडवा आला. सहांतले पाच तिथंच पडले, वृषभ तेवढा जखमी होऊन सुटला. पुढं बाराव्या दिवशी अचल आणि वृषक हे दोघं अर्जुनाच्या एकाच बाणानं गेले. हे सगळे सुबलाचे मुलगे, गांधारीचे आणि शकुनीचे भाऊ. हे आधी सांगते, कारण गेली कित्येक वर्षं ज्यांनी ज्यांनी मला शकुनीची बाजू समजावून सांगितली, त्यांच्या गोष्टीत हे भाऊ तुरुंगात उपाशी मरून केव्हाच संपलेले असतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात काढलेल्या मराठी महाभारताचे जाडजूड खंड आमच्याकडं होते. चातुर्मासात कुणी वाचायला नेले तर नेले, नाहीतर कपाटात. 2 ऑक्टोबर 1988 ला, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं महाभारत सुरू झालं, आणि 24 जून 1990 ला 94 वा भाग होऊन संपलं. त्या काळात हे खंड कपाटात टिकले नाहीत. सभापर्वाचा खंड तर बांधणी उसवेपर्यंत फिरला. नेणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा: शकुनीची गोष्ट कुठल्या पर्वात आहे?

गोष्ट म्हणजे त्याच्या दुःखाची. पडद्यावर गुफी पेंटल लंगडत यायचे, डोळा बारीक करून, तळहातावर फासे चोळत, आणि दुर्योधनाला ‘भांजे’ म्हणून हाक मारायचे. त्या एका हाकेत लाडही होता आणि विषही. पेंटल मूळचे इंजिनियर. या मालिकेसाठी नट निवडायचं काम त्यांच्याकडं होतं आणि शकुनी त्यांनी स्वतः केला. संवाद राही मासूम रझांचे. 2023 च्या जूनमध्ये पेंटल वारले, तेव्हाही लोकांना ‘आपला शकुनीमामा’ म्हटल्याशिवाय माणूस ओळखू येईना. खलनायक इतका जिवंत वठला की बघणाऱ्याला त्याच्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं, आणि वाटायला लागलं की माणूस कारण शोधतो. मालिकेनं कारण दिलंच होतं. बहिणीचं लग्न आंधळ्याशी लावलं, याचा सल.

आमच्याकडं येणारे एसटीतले एक कंडक्टर होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. ड्यूटी सुटली की खाकी कपड्यांवरच यायचे, तिकिटांची पेटी टेबलाखाली सरकवायचे आणि शकुनीचं वकीलपत्र घ्यायचे. ‘बाई, कुठं गांधार, कुठं हस्तिनापूर. एवढ्या लांबून पोरगी आणली आणि नवरा बघितला तर आंधळा. भीष्माचं नाव ऐकल्यावर बाप काय बोलणार? भावानं सूड घेतला तर त्याचं काय चुकलं, सांगा.’ हाडांची गोष्टही त्यांना पाठ होती. गांधारीचं आधी एका बोकडाशी लग्न लावलं होतं, तो दोष झाकला म्हणून चिडून भीष्मानं तिच्या सगळ्या माहेरच्यांना कोंडलं, रोज माणशी एक शीत भात. सगळ्यांनी आपापलं शीत एकट्या शकुनीला दिलं. मरताना बापानं सांगितलं, माझ्या हाडांचे फासे कर, तू म्हणशील ते दान पडेल. आणि विसरू नये म्हणून पाय मोडून दिला. पडद्यावरच्या त्या लंगडण्याचा अर्थ मास्तरांच्या लेखी हा होता.

अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई मासिकं बदलायला यायच्या. त्यांनी एका संध्याकाळी मास्तरांना गाठलं. ‘बहिणीसाठी सूड म्हणता, मग तिचीच शंभर लेकरं कशी मारवली? हा कुठला भाऊ?’

‘त्याचं वैर घराण्याशी होतं.’

‘मग लेकरं कुणाच्या घराण्यातली होती? आणि पोटातली कुणाच्या?’

मास्तर काही वेळ बोलले नाहीत. पण हार मानली असंही नाही. हा वाद आमच्याकडं मालिका संपल्यावरही चालू राहिला, आणि माझी खात्री आहे की त्या वर्षांत तो गावोगावच्या पारांवर आणि कॅन्टीनमध्ये चालला असणार. 2013 मध्ये स्टार प्लसवर नवं महाभारत आलं. त्यात प्रणीत भट यांचा शकुनी गांधारीच्या लग्नापासूनच अपमान मनात धरून होता, आणि नव्या पिढीनं तोच खटला पुन्हा उभा केला. 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत डीडी भारतीवर जुनी मालिका पुन्हा लागली. माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला, ‘मावशी, शकुनीला खलनायक म्हणणं हा अन्याय आहे.’ वाक्य मास्तरांचंच होतं, फक्त तीस वर्षांनी तिच्या तोंडून आलं.

मी हा प्रश्न क्षुल्लक मानत नाही. वाईट माणूस वाईट का झाला हे विचारणं चांगल्या मनाचं लक्षण आहे, आणि आपल्याकडं ते टीव्हीनं शिकवलेलं नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडलेला दुर्योधन असा मरतो की प्रेक्षकाला त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. दहाव्या शतकात कन्नड कवी रन्नानं त्याला वीराचा मान दिला. मराठीत 1967 साली शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं आणि कर्णाची बाजू घराघरात पोचली. शकुनीच्या वाट्याला मात्र मराठीत असं कुणी आलं नाही. त्याला आपण शिवी करून ठेवलं. सभेत एखाद्या पुढाऱ्याला शकुनीमामा म्हटलं की टाळ्या पडतात. आणि हे आपल्याला जास्त लागतं, कारण आपल्याकडं मामा हा जिवाभावाचा माणूस. जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर, बोहल्यावर नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. भाच्याचं वाटोळं करणारा मामा आपल्या मनाला पटत नाही, म्हणून त्याला काहीतरी भयंकर दुःख असलं पाहिजे असं वाटतं.

मग मी खंड काढून बसले. आदिपर्वात लग्नाची हकीकत थोडक्यात आहे. भीष्मानं मागणी घातली. मुलगा आंधळा, हे सुबलाच्या मनात आलं. त्यानं कुरूंचं कुळ, कीर्ती, आचरण यांचा विचार केला आणि मुलगी दिली. गांधारीला कळलं तेव्हा तिनं वस्त्राच्या पुष्कळ घड्या करून स्वतःच्या हातानं डोळे बांधले. शकुनी बहिणीला घेऊन हस्तिनापूरला आला, तिला धृतराष्ट्राच्या हाती दिलं, भीष्मानं त्याचा सत्कार केला आणि तो आपल्या गावी परत गेला. फसवणूक नाही, शपथ नाही, तुरुंग नाही. पुढं युधिष्ठिराच्या राजसूयाला पाहुण्यांच्या नावांत म्हातारा सुबल आहे आणि शकुनीही आहे.

मास्तर म्हणाले, ‘बाई, तुमच्या प्रतीत नसेल. कुणीतरी गाळलं असेल.’ ही शंका रास्त होती. सुदैवानं तिचं उत्तर पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि 1966 साली ते पुरं केलं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत 1259 हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी पद्धत बसवली आणि 1943 साली ते गेले, काम अर्ध्यावर टाकून. सभापर्व अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी सिद्ध केलं. त्या पर्वात द्रौपदीनं कृष्णाचा धावा केल्याचे श्लोकसुद्धा जुन्या पाठात ठरत नाहीत म्हणून तळटीपेत गेले. वगळलेलंही खाली छापायचं, वाचणाऱ्यानं स्वतः पाहावं, असा तो प्रामाणिकपणा. त्या संहितेत हाडांचे फासे नाहीत. आणि आपल्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर, ज्यांनी सतराव्या शतकात काशीत बसून ‘भारतभावदीप’ लिहिला, त्यांनी जो पाठ घेतला त्यातही नाहीत.

फासे कशाचे होते हेही पाहण्यासारखं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यातले अक्ष म्हणजे बेहड्याच्या बिया. तोच बेहडा, जो आपण त्रिफळा चूर्णात घालतो. फळ सुपारीएवढं, तपकिरी, वाळलं की किंचित कंगोरे दिसतात. जुन्या खेळात अशा बियांचा ढीग असायचा, त्यातून मूठभर उचलायच्या आणि चार-चारांनी मोजायच्या. शेष काय उरतं त्यावर डाव. मग कसब हातात नाही, नजरेत. नलाच्या आख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो आणि नलाला अक्षविद्या देतो, ते याच खेळाचं शास्त्र. शकुनी असा हिशेबी खेळाडू असेल तर त्याला मेलेल्या बापाच्या हाडाची गरजच नव्हती.

सभापर्वातला त्याचा पहिला मोठा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. मयसभेत पाण्यात पडून फजिती झालेला दुर्योधन घरी निघालाय, रथात गप्प, सुस्कारे टाकतोय. मामा विचारतो, काय झालं? दुर्योधन म्हणतो, आगीत उडी घेईन, विष पिईन, पाण्यात जीव देईन, पण त्यांचं ते वैभव बघून जगणार नाही. सूडानं पेटलेल्या माणसाला याहून चांगली संधी कुठली? पण शकुनीचं पहिलं उत्तर असं: पांडवांवर जळू नकोस, ते आपल्या नशिबाचं खातात. तू एकटा नाहीस. द्रोण आहेत, अश्वत्थामा आहे, कर्ण आहे, आणि भावांसह मी आहे. भावांसह! हा शब्द त्याच्याच तोंडी आहे. भाचा लढाईवर येतो तेव्हा तो म्हणतो, लढून ते हरायचे नाहीत. युधिष्ठिराला द्यूत आवडतं, खेळता येत नाही, ते माझ्यावर सोड. मरायला निघालेल्या भाच्याला जगवायला मामानं काढलेली ही तोड आहे.

त्याला मी सोडत नाही. सभेत प्रत्येक डावानंतर व्यास त्याला ‘जिंकलं’ एवढंच बोलायला लावतात, आणि ते इतक्या वेळा येतं की वाचताना अंगावर काटा येतो. युधिष्ठिर स्वतःला हरला, आता थांबेल असं वाटतं, तेव्हा द्रौपदी अजून शिल्लक आहे, तिला लाव आणि स्वतःला सोडव, असं सुचवणारा शकुनीच आहे. त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. लाक्षागृहाच्या मसलतीतही तो होता.

पण सगळ्यांत नवल वनपर्वात आहे. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला बांधलं आणि पांडवांनी सोडवलं. लाज वाटून तो दर्भ पसरून प्राण सोडायला बसला. दुःशासन रडला, कर्णानं समजावलं. मग शकुनी बोलला: मी मिळवून दिलेलं राज्य असं का टाकतोस? पांडवांनी उपकार केले तर आनंद मान. त्यांच्याशी भावाचं नातं जोड, त्यांचं राज्य त्यांना परत दे. मी मास्तरांपुढं तो खंड उघडून ठेवला. घराणं बुडवायला आलेला माणूस, शत्रू स्वतःहून मरायला बसलेला असताना, त्याला जगवील? तेही समेट करून? मास्तरांनी चष्मा लावून ते पान सावकाश वाचलं आणि म्हणाले, ‘हे टीव्हीवर दाखवायला पाहिजे होतं.’

मग हाडांची गोष्ट आली कुठून? तिला खोटी म्हणायची माझी तयारी नाही. पंधराव्या शतकात ओडिशात सारळा दासांनी आपल्या भाषेत महाभारत रचलं, गजपती कपिलेंद्रदेवाच्या काळात. ते व्यासांचं भाषांतर नाही, शेतकऱ्याच्या घरातल्या कवीनं नव्यानं सांगितलेलं भारत आहे. त्यात गांधारीचं आधी झाडाशी लग्न लावतात, झाड मरतं. ते दुर्योधनाला कळतं आणि तो आजोबांना मुलांसकट दगडी घरात कोंडतो. एक शकुनी वाचतो, बापाच्या हाडांचे फासे करतो आणि त्याच दुर्योधनाचा मंत्री होतो. नीट पाहा, इथं कोंडणारा दुर्योधन आहे. सूड त्याच्यावर आहे, म्हणून गोष्ट पक्की बसते. अंगणवाडीच्या बाईंचा प्रश्न तिथं उद्भवतच नाही, कारण शकुनीला मारायचाय तो भाचाच. तेलुगूत 1966 साली एन. टी. रामारावांनी ‘श्रीकृष्ण पांडवीयम्’ काढला, कृष्ण आणि दुर्योधन दोन्ही स्वतः केले. त्यातल्या धूलिपालांच्या शकुनीलाही ही कैद आणि हे फासे आहेत. केरळात कोल्लम जिल्ह्यात मलनाडाला दुर्योधनाचं देऊळ आहे, पवित्रेश्वरमला शकुनीचं. तिथल्या माणसांनी या मामा-भाच्यांना वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचा तो हक्क आहे.

घोळ झाला तो पुढं. कैदेची गोष्ट एकीकडून घेतली, बहिणीच्या लग्नाचा सल दुसरीकडून, आणि गुन्हेगार म्हणून भीष्माला उभं केलं. तेव्हापासून शकुनी हा बहिणीसाठी जळणारा भाऊ झाला. मला याचा राग येतो, तो गांधारीसाठी. डोळे तिनं बांधले. आयुष्य तिचं गेलं. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये त्या पट्टीमागचा संताप वाचला, आणि तो संताप तिचाच ठेवला. सूडाच्या गोष्टीत मात्र ते सगळं उचलून भावाच्या खात्यावर जमा होतं. बाईवर अन्याय झाला, म्हणून पुरुषाची कथा थोर झाली. तिला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. शकुनीची बाजू मांडणाऱ्या कुणाच्याही तोंडून मी गांधारीचं मत काय होतं हा प्रश्न ऐकला नाही.

व्यासांचा शकुनी मला अधिक भीतीदायक वाटतो, आणि अधिक ओळखीचाही. त्याला जखम नाही. तो भाच्याचा माणूस आहे, बस. भाच्याला जे हवं ते आणून देणं एवढंच त्याचं प्रेम. समेट हवा असता तर तोही आणून दिला असता. अठराव्या दिवशी सहदेवानं त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मुलाला, उलूकाला मारलं. शल्यपर्वात लिहिलंय की शकुनीचा गळा भरून आला, डोळे वाहायला लागले, आणि त्याला विदुराचे शब्द आठवले. क्षणभरच. मग धनुष्य उचलून तो सहदेवावर गेला आणि मेला. सूड पुरा झाल्याचं समाधान त्या ठिकाणी शोधून सापडत नाही. तिथं मुलगा गेलेला एक बाप आहे, ज्याला उशिरा काहीतरी कळलं.

बहिणीची साक्ष मात्र आहे, आणि ती स्त्रीपर्वात आहे. रणांगणावर ती कृष्णाला एकेक प्रेत दाखवत जाते. शकुनीपाशी येते तेव्हा म्हणते, ज्याला सोन्याच्या दांड्याच्या पंख्यांनी वारा घालायचे, त्याला आता पक्षी पंखांनी वारा घालतायत. एवढी माया तिच्यात आहे. पण लगेच पुढं म्हणते, यानं माझ्या मुलांना कपट शिकवलं. माझी मुलं साधी, हा वाकडा. परलोकातसुद्धा हा त्यांना भावांशी भांडायला लावेल की काय, कृष्णा? ज्या बहिणीसाठी सगळं केलं असं आपण सांगतो, ती हे बोलते. आपल्यासाठी केलं, असं ती एका शब्दानंही म्हणत नाही.

मी हे मास्तरांना वाचून दाखवलं तेव्हा ते निवृत्त झाले होते, खाकी सुटली होती. अंगणवाडीच्या बाईही होत्या. मास्तर म्हणाले, ‘बाई, दुःखात माणूस काहीही बोलतो. आणि गांधारीला काय ठाऊक? जन्मभर डोळ्यांवर पट्टी. तिनं पाहिलं काय?’

‘मास्तर, मागचे अध्याय वाचा,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी व्यासांनी तिला दिव्यदृष्टी दिली होती. सगळं रणांगण ती लांबून बघत होती.’

त्यांनी माझ्या हातातून खंड घेतला आणि मागची पानं उलटायला लागले. अंगणवाडीच्या बाई त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, ‘मोठ्यानं वाचा की, आम्हाला पण ऐकू दे.’